संडे रोस्ट : सव्वा तासात आणि हलका होईल का?

वेलदोडा
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. सध्या सासू-सासरे पुण्याहून आलेत आणि मुलांनी ठरवून टाकलंय की आजी-आबांना घरचा संडे रोस्ट (रविवारी दुपारचं भाजलेल्या मांसाचं इंग्लिश जेवण) खायला घालायचाच. सोमवारी वर्गात सगळी मुलं आदल्या दिवशीच्या रोस्टबद्दल बोलतात, त्यामुळे यांनाही तो आपल्या टेबलावर हवा आहे. पबमध्ये नेणं सोपं आहे, पण तिथलं ताट आबांना झेपणार नाही. कोलेस्टेरॉल वाढलंय आणि डॉक्टरांनी तेल-तुपावर बंधन घातलंय.

दुसरी अडचण वेळेची. रविवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग असतो, घरी पोचेपर्यंत पाऊण वाजतो. आबांच्या गोळ्या जेवणाला बांधलेल्या, म्हणजे दोनच्या आसपास पानं मांडलेली हवीत. घरात बीफ करत नाही, चिकन सगळ्यांना चालतं. सहा माणसं.

चिकन, भाजलेले बटाटे, गाजर-पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं मूळ), मटार, यॉर्कशायर पुडिंग (अंडी-दूध-मैद्याचं, ओव्हनमध्ये फुगणारं) आणि ग्रेव्ही (मांसाच्या रसाची दाट आमटी) एवढं तरी ताटात हवं. हे सव्वा तासात आणि हलकं करता येईल का? की इतकी काटछाट केल्यावर त्याला रोस्ट म्हणायचंच नाही? अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं.

तिठा
पहिला! खुर्ची टाकून बसलोय. फोटोशिवाय पाककृती आली तर धागा उडवण्यात येईल. (हलकेच घ्या.)

डोंगरवाट
पंचवीसेक वर्षं शेफिल्डमध्ये आहे, म्हणून थोडं अधिकारवाणीने लिहितो. वेलदोडा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. रोस्ट म्हणजे वेळच. पूर्वी इथली माणसं मांस ओव्हनमध्ये सरकवून चर्चला जायची आणि परत येईस्तोवर ते शिजलेलं असायचं. आमच्या शेजारच्या आजी अजूनही सकाळी दहाला ओव्हन लावतात. बारा वाजेपर्यंत जो वास गल्लीत पसरतो त्यात अर्धं जेवण आहे. सव्वा तासात जे होईल ते चांगलं जेवण असेल, चवीला उत्तमही असेल, पण त्याला ट्रे-बेक (ट्रेमध्ये झटपट भाजलेलं जेवण) म्हणा.

आणि दीड किलोची अख्खी कोंबडी घेतलीत तर साधा हिशोब ऐका. किलोला पाऊण तास, वर वीस मिनिटं, मग पंधरा मिनिटं झाकून विसावा. पावणेदोन तास तिथेच गेले.

खलबत्ता
डोंगरवाटकाका, हिशोब बरोबर आहे. पण तो अख्ख्या कोंबडीचा आहे आणि गोम तिथेच आहे. वेळ लागतो तो आकारामुळे. उष्णता बाहेरून आत हळूहळू जाते. मांड्यांच्या सांध्यापर्यंत ती पोचेस्तोवर छातीचं मांस कोरडं पडायला लागतं. म्हणजे जास्त वेळ दिल्याने चव वाढतेच असं नाही, अख्ख्या कोंबडीत तर निम्मा वेळ दोन वेगळ्या मांसांची समजूत घालण्यात जातो.

दोन मार्ग आहेत.

एक, कोंबडी पोपटासारखी सपाट उघडायची. मजबूत कात्रीने पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढायचा, कोंबडी उलटी करून छातीवर तळव्याने जोरात दाबायचं. हाड कट्कन मोडतं आणि ती ट्रेमध्ये पसरते. फॅन ओव्हनला २०० वर दीड किलोची कोंबडी पाऊण तासाच्या आसपास होते. मांड्या बाहेरच्या बाजूला येतात, त्यांना जास्त आच लागते, छाती वाचते. बुचरला सांगितलंत तर तोही करून देतो.

दोन, हाडासकट, कातडीसकट थाय (मांडीचे तुकडे) घ्यायचे. २०० वर चाळीस मिनिटं. ही सगळ्यात बिनधोक वाट. मांडीचं मांस पाचदहा मिनिटं जास्त राहिलं तरी बिघडत नाही, उलट मऊ होतं.

कातडीबद्दल: भाजताना ठेवा, ताटात वाढताना आबांच्या तुकड्यावरची काढा. कातडीखाली मांस ओलसर राहतं, आणि चरबी बहुतेक कातडीत आणि तिच्या लगेच खाली असते, ती निघून जाते. आधीच सोललेलं चिकन भाजलंत तर चिवट होईल आणि सासूबाई मनात म्हणतील की यापेक्षा रस्सा केला असता.

तिठा
'दोन मांसांची समजूत घालणे' हे वाक्य फ्रिजवर लिहून लावतोय.

मीठभाकरी
'पोपटासारखी' वाचलं आणि मला पोपटीच आठवली! मंडळी, आपल्या रायगडात जो रोस्ट होतो त्यात तेलाचा थेंब नसतो आणि तो तासाच्या आत तयार असतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, अंडी, बटाटे, रताळी, परत शेंगा, वरून पाल्याने तोंड गच्च बंद. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. अर्धा-पाऊण तास. अलिबागच्या वाडीत रात्री शेकोटीभोवती बसून ते फोडलेलं मडकं... जाऊ दे, मी आता मिल्टन कीन्समध्ये आहे.

हलक्या रोस्टचं आम्हाला काय शिकवता!

डोंगरवाट
पोपटीपुढे मी शस्त्र खाली ठेवतो. :)

खलबत्ता
मीठभाकरी, पोपटीत शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं वाफेत शिजतं, म्हणून तेल लागत नाही. वेलदोडांना मात्र वरून लाल, खरपूस हवंय, त्याला कोरडी आच लागते. घरोघरी गडबड होते ती इथे. वेळ वाचवायचा म्हणून चिकन, बटाटे, गाजर सगळं एकाच ट्रेमध्ये कोंबतात. मग पाणी सुटतं, ते उडून जायला जागा नसते आणि ओव्हनमध्ये नकळत पोपटी होते. दोन ट्रे घ्या. फोडींमध्ये मोकळी जागा ठेवा. एवढं केलंत तर निम्मी लढाई जिंकलात.

रात्रपाळी
मी इथे रुग्णालयात नर्स आहे, दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली: कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये त्यासाठी मोठी मोहीम काढली होती. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात, धुताना पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात. जंतू मरतात ते आचेनेच. त्यांचाच निकष आहे की आतलं तापमान ७० अंशांवर दोन मिनिटं किंवा ७५ वर अर्धा मिनिट राहायला हवं. स्वस्तातला टोचायचा थर्मामीटर घ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी करताय, अंदाजावर सोडू नका.

दुसरी: आबांचं ताट म्हणून फक्त तेलाकडे बघू नका. तयार ग्रेव्ही ग्रॅन्यूल्स आणि स्टफिंग यांत मीठ भरपूर असतं. बीपी असेल तर ते आधी आवरा.

मीठभाकरी
कोंबडी न धुता?! माझी आई हे वाचणार नाही याची व्यवस्था करते. हळद-मीठ चोळून तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय आमच्याकडे ती पातेल्यात जात नाही.

पानगळ
मी शाकाहारी, पण सासरी हाच वाद दर वेळी ऐकते.

रात्रपाळी
@मीठभाकरी, तिकडे बाजारातून ताजी कापून आणलेली, पिसं-रक्त लागलेली कोंबडी यायची, धुण्याला कारण होतं. इथलं पाकीट साफ करूनच येतं. मन मानत नसेल तर कागदी टॉवेलने पुसून घ्या, टॉवेल लगेच कचऱ्यात, हात साबणाने. मग हळद-मीठ खुशाल चोळा. पुसून कोरडी केलेली कातडी जास्त कुरकुरीत होते, हा वरचा फायदा.

बटाटेनगर
सगळे चिकनच्या मागे लागलेत. रोस्टचा राजा बटाटा आहे आणि जड होतो तोही त्याच्यामुळेच. इथे रीत अशी आहे की मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड बटाटे अर्धवट उकडायचे, पातेल्यात हलवून कडा भुसभुशीत करायच्या आणि कडकडीत तापलेल्या हंसाच्या चरबीत किंवा बीफ ड्रिपिंगमध्ये (मांस भाजताना गळलेल्या चरबीत) सोडायचे. त्या भुसभुशीत कडा चरबी पितात, म्हणून चव येते आणि म्हणूनच आबांना त्रास.

एक किलो बटाट्याला दोन मोठे चमचे रेपसीड तेल पुरतं. साधारण २८ ग्रॅम, सहा जणांत माणशी पाच ग्रॅमही येत नाही. दुकानात नुसतं 'व्हेजिटेबल ऑइल' लिहिलेली बाटली बहुतेक वेळा रेपसीडचीच असते, मागचं लेबल बघा. आपल्या मोहरीच्याच कुळातलं. हंसाच्या चरबीच्या तुलनेत त्यात संपृक्त चरबी खूपच कमी.

सालं काढू नका. फोडी लहान करायचा मोह टाळा. लहान फोड लवकर होते हे खरं, पण तेवढ्याच बटाट्याला पृष्ठभाग वाढतो आणि तेल जास्त लागतं. लिंबाएवढ्या फोडी ठेवा.

वेलदोडा
बटाटेनगर, पण मोठ्या फोडी म्हणजे परत वेळ आलाच ना? पाऊण वाजता घरी आल्यावर उकडायचे कधी?

बटाटेनगर
शनिवारी रात्री! आठ मिनिटं उकडा, निथळा, वाफ जाऊ द्या, ताटात पसरून झाकण न घालता फ्रिजमध्ये. रात्रभरात वरचा भाग कोरडा होतो, त्यामुळे कमी तेलातही छान खरपूस होतात. रविवारी तेल चोळून थेट तापलेल्या ट्रेवर. सोनेरी झाले की काढा, तपकिरी-काळे करू नका.

मांडवी
गोव्यातून नमस्कार. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात सणाला रोस्ट असतोच, पण जुन्या घरांत ओव्हन कुठला? मांसाचा अख्खा तुकडा मिरी, लवंग, दालचिनी, आलं-लसूण, व्हिनेगर लावून मुरवतात. मग जाड बुडाच्या टोपात सगळ्या बाजूंनी लाल करून, थोडं पाणी घालून, झाकून मंद आचेवर. गार झाल्यावर पातळ काप, आणि तोच आटवलेला रस वर. चव अशी की पाव संपतो.

रोस्टला ओव्हन लागतोच असं नाही, एवढंच सांगायचं होतं. वेलदोडा, मिरी-लवंग-व्हिनेगर थायना शनिवारीच लावून ठेवलंत तर सासूबाईंना चव ओळखीची वाटेल.

डोंगरवाट
मांडवी, झकास. आता मीही थोडं मवाळ होतो, कारण शेजारच्या आजींशी काल कुंपणावरून याच विषयावर बोललो. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी रोस्ट आजच्यासारखा कधीच नव्हता. मार्च १९४० ला इथे मांसाचं रेशन सुरू झालं आणि संपलं जुलै १९५४ मध्ये, लढाई संपून नऊ वर्षं झाल्यावर. बराच काळ माणशी आठवड्याला एक शिलिंग दोन पेन्सचं मांस. त्यात रविवारचा तुकडा किती मोठा असणार? तेव्हा ताट भरायचं बटाट्यांनी, कोबीने आणि यॉर्कशायर पुडिंगने.

पुडिंगची मूळ गंमतही तीच आहे. यॉर्कशायरमध्ये ते पहिल्यांदा, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढायचे. पोट अर्धं भरलं की महागाचं मांस थोडक्यात भागतं. त्याची कृती १७३७ मध्ये छापलेली सापडते, तेव्हा नाव होतं ड्रिपिंग पुडिंग. मांस उघड्या जाळापुढे सळईवर फिरायचं आणि ठिबकणाऱ्या चरबीखाली पिठाचं भांडं ठेवायचे. 'यॉर्कशायर' हे नाव १७४७ पासून छापील दिसतं.

म्हणजे भरपूर मांस आणि भरपूर चरबी ही परंपरा मी समजत होतो तितकी पक्की नाही. एकत्र बसणं आणि ग्रेव्ही, या दोन गोष्टींवर मात्र मी हटणार नाही.

तिठा
सळई फिरवायचं कोण? सूनबाई?

डोंगरवाट
कुत्रा! चेष्टा नाही. त्यासाठी खास आखूड पायांची कुत्री पाळत. भिंतीवरच्या चाकात कुत्रं चालायचं, चाकाला सळई जोडलेली. वेल्समध्ये अ‍ॅबरगॅव्हनीच्या संग्रहालयात त्या जातीचं एक कुत्रं पेंढा भरून ठेवलेलं आहे, नाव व्हिस्की. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली आणि ती जातच संपली. बिचाऱ्या प्राण्याने जन्मभर मांसाचा वास घेत चालायचं, मला ते बघून फार वाईट वाटलं होतं.

पानगळ
अरे रे. हे वाचून माझं शाकाहारीपण आणखी पक्कं झालं.

धाग्यात शाकाहाराचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. नट रोस्ट (दाणे-सुक्या मेव्याचा भाजलेला लगदा) इथे शाकाहारी पर्याय म्हणून मिळतो, पण तो हलका नाही आणि झटपटही नाही. मी फ्लॉवरचे दोन बोटं जाड उभे काप करते, तेलाचा हात, धणे-मिरी-मीठ, २०० वर अर्धा तास. कडा खरपूस होतात. सोबत तेच बटाटे-गाजर. अडते फक्त ग्रेव्हीवर. चिकनचा रस नसताना ती पुचाट लागते. कुणाकडे उपाय आहे?

खलबत्ता
ग्रेव्हीचं येतोच, कारण वेलदोडांचाही मुख्य प्रश्न तोच आहे. नेहमीच्या ग्रेव्हीत ट्रेमधल्या चरबीत मैदा परततात. ते सोडून द्या.

थायखाली दोन मोठे कांदे जाड चकत्या करून पसरा, एक गाजर, चार लसूण पाकळ्या सालासकट. चाळीस मिनिटांत ते चिकनच्या रसात मऊ, तपकिरी होतात. थाय उचलून बाजूला झाकून ठेवा. ट्रेमधला रस उंच पेल्यात ओता, पाच मिनिटं फ्रीझरमध्ये. चरबी वर तरंगते, ती डावाने काढून टाका. खालचा रस, भाजलेले कांदे-गाजर, सोललेला लसूण मिक्सरमधून काढा, गरम पाण्याने हवं तेवढं सैल करा, एक उकळी. मैदा नाही, चरबी नाही, आणि दाटपणा भाजलेल्या कांद्याचा. वाटण करणाऱ्या घरात हे कुणाला शिकवायला लागत नाही. ट्रेला चिकटलेलं तपकिरी खरवडून घ्यायला विसरू नका, सगळी चव त्यात असते.

मीठभाकरी
हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

डोंगरवाट
कांद्याचं वाटण घातलेली ग्रेव्ही! आजींना सांगायचं धाडस होत नाही, पण मी करून बघणार.

वेलदोडा
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. तुमच्या प्रतिसादांवरून बेत असा आखलाय, चुकत असेल तर सांगा.

शनिवारी रात्री: बटाटे उकडून फ्रिजमध्ये. थायना मांडवी यांचा मसाला. यॉर्कशायरचं पीठ भिजवून फ्रिजमध्ये.
रविवार १२:४५: ओव्हन चालू, बटाट्यांचा ट्रे आतच तापत ठेवायचा. कांदा, गाजर, पार्सनिप चिरणं.
१:००: खालच्या कप्प्यात बटाटे-गाजर-पार्सनिप, वरच्या कप्प्यात कांद्यांवर थाय.
१:४०: थाय बाहेर, झाकून. ग्रेव्ही. मटार वाफवायला. यॉर्कशायर आत.
२:००: पानं.

यॉर्कशायरचं नीट कळलेलं नाही. ते बसतात म्हणे. आणि कमी तेलात फुगतात का?

बटाटेनगर
बेत उत्तम. फक्त पार्सनिपमध्ये साखर जास्त, ते लवकर करपतं. १:१५ ला बटाटे उलटताना घाला, १:०० ला नको.

खलबत्ता
यॉर्कशायर: अंडी, दूध, मैदा तिन्ही आकारमानाने सारखे. म्हणजे अंडी कपात फोडून मोजा, तेवढंच दूध, तेवढाच मैदा, चिमूट मीठ. बारा खळ्यांच्या मफिन ट्रेमध्ये प्रत्येक खळीत पाव चमचा तेल पुरे, पण ते आधी ओव्हनमध्ये इतकं तापलेलं हवं की पीठ पडताच चर्र आवाज येईल. १:३० ला रिकामा ट्रे तेलासकट आत ठेवा. थाय काढले की आच २२० करा, वरच्या कप्प्यात पीठ ओता, दार बंद. अठरा-वीस मिनिटं दार उघडायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. पिठातल्या पाण्याची वाफ ते फुगवते, बाहेरचं कवच घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली की बसतात. बटाटे खालच्या कप्प्यात राहू देत, त्यांना शेवटची मोठी आच मानवते.

आणि उंचीची चिंता असेल तर पट्टी जवळ ठेवा. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ मध्ये जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा बुटक्या पुडिंगला यॉर्कशायर म्हणू नये.

तिठा
रसायनशास्त्रज्ञांनाही रविवारी भूक लागते तर.

रात्रपाळी
आबांना एकच पुडिंग, आणि ताटात अर्धी जागा भाजीला. मटारासोबत सॅव्हॉय कोबी बारीक चिरून दोन मिनिटं वाफवा, तो फार गोड लागतो.

मीठभाकरी
हाडं टाकू नका हं. सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेली हाडं, कांद्याची टोकं, गाजराची सालं कुकरला लावा, पाऊण तास. सोमवारी त्या पाण्यात भात किंवा मिरी घालून सूप. इथले लोक उरलेले बटाटे-कोबी तव्यावर परतून खातात तेही करून बघा, जिरं-मिरचीची फोडणी दिली तर फारच छान.

डोंगरवाट
बबल अँड स्क्वीक म्हणतात त्याला. फोडणीचा मी पुरस्कर्ता आहे.

वेलदोडा, माझं पहिलं 'नाही' मागे घेतो. शनिवारची तयारी धरली तर तुम्ही वेळ देताच आहात, नुसता रविवारी दुपारी देत नाही. तुमच्या बेताला मी बिनदिक्कत रोस्ट म्हणेन. एक विनंती: मांस ताटात वाढून आणू नका. मोठ्या थाळीत मध्यभागी ठेवा, भांडी फिरवू द्या, आबांना ग्रेव्हीचा जग हातात द्या.

पानगळ
माझी शाकाहारी ग्रेव्ही राहिलीच की!

खलबत्ता
पानगळ, सॉरी. तुमच्यासाठी कांदे-गाजर-लसूण तसेच भाजा, पण सोबत मशरूम चकत्या करून एका चमचा तेलात, ट्रेमध्ये मोकळ्या पसरून. मूठभर सुके मशरूम गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. ते पाणी गाळून, अर्धा चमचा मार्माइट (यीस्टचा काळपट, घट्ट अर्क) त्यात विरघळवून, सगळं एकत्र मिक्सरमधून काढा. मार्माइट खारट असतं, वेगळं मीठ घालू नका. शेवटी व्हिनेगरचे दोन थेंब. फ्लॉवरवर गरम असतानाच ओता.

पानगळ
मशरूम आहेत, मार्माइट शेजारणीकडून आणते. या रविवारी करते आणि फोटो टाकते, तिठा यांच्या धमकीखातर.